विश्लेषण : टॉवरचा करार लिहिणारा ‘कंपनीचा वकील’ कोणाचा?

समजा, कुरुंद्यात हळदीच्या शेताच्या कडेला मोबाइल टॉवर उभारायचा आहे. कंपनीचा माणूस इंग्रजी कराराची पंधरा-वीस पाने घेऊन घरी येतो. घरचे लोक भाड्याचा आकडा तेवढा विचारतात आणि बाकी पानांवर सह्या होतात. ही पाने लिहिणारा माणूस मात्र समोर येत नाही. तो असतो कंपनीच्या पगारावरचा वकील.

तो कोर्टात का दिसत नाही?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. त्यामुळे कोर्टात कंपनी बाहेरचा वकील उभा करते. आतल्या वकिलाचे काम भांडण होण्याआधीचे असते. जागेचे भाडेकरार, सरकारी परवाने, यंत्रसामग्रीची खरेदी, ग्राहकांसाठीच्या अटी आणि ‘ट्राय’च्या नियमांचे पालन, हे सारे त्याच्या टेबलावरून जाते.

एका शब्दाची किंमत किती?

१९९९च्या दूरसंचार धोरणानंतर कंपन्या ठरावीक शुल्काऐवजी महसुलातला वाटा सरकारला देऊ लागल्या. पण ‘महसूल’ म्हणजे फक्त दूरसंचार सेवेचे उत्पन्न, की व्याज, भाडे, लाभांशही? हा वाद वर्षानुवर्षे चालला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली आणि कंपन्यांवर मिळून सुमारे १.४७ लाख कोटी रुपयांचा बोजा आला. मुंबईतून कारभार चालवणाऱ्या व्होडाफोन आयडियाचे तर कंबरडेच मोडले. करारातल्या एका शब्दाने बड्या कंपन्या अडचणीत येतात, तर शेतकऱ्याने न वाचता सही का करावी?

त्याची निष्ठा कोणाशी?

वकील आणि अशील यांच्यातले बोलणे गोपनीय राहते. हे संरक्षण कंपनीच्या पगारी वकिलाला स्वतंत्र वकिलासारखे मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केले. कारण तो नोकरदार आहे आणि मालकावर अवलंबून आहे. म्हणून तो अप्रामाणिक ठरत नाही, पण तो तुमचा वकीलही नाही.

तरीही त्याच्याकडून एक अपेक्षा रास्त आहे. चांगला वकील कंपनीला ‘नाही’ म्हणू शकतो. ‘वाद झाल्यास लवाद आम्हीच नेमू’ अशी एकतर्फी नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच अमान्य ठरवली. असे कलम मसुद्यातून काढणे आणि जागामालकाला कराराची मराठी प्रत देणे, हे कोर्टाने सांगण्याची वाट न पाहता त्यानेच करावे. त्यात कंपनीचेही हित आहे. न समजता झालेली सही उद्याच्या दाव्याचे बी असते.

सही करण्याआधी काय पाहावे?

• करार कोण, किती दिवसांच्या नोटिशीने मोडू शकतो? फक्त कंपनीच, की तुम्हीही?

• भाडेवाढ कधी आणि किती?

• करार संपल्यावर टॉवर आणि पाया कोण काढणार?

• त्याच टॉवरवर दुसऱ्या कंपनीची यंत्रे बसली, तर तुम्हाला काय मिळणार?

• एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. तो खर्च कोणाचा?

दूरसंचार कायदा २०२३ नुसार खासगी जागेचा मोबदला दोघांच्या संमतीने ठरतो. म्हणजे आकड्यावर बोलणी करता येतात. मात्र टॉवर तुमच्या जमिनीवर असला, तरी तो तुमच्या मालकीचा होत नाही. आणि टॉवरसाठी कोणी तुमच्याकडेच आगाऊ पैसे मागितले, तर ती फसवणूक समजा.

वकील परवडत नसेल तर?

महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि कमी उत्पन्न गटातील लोकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते. कुरुंदेकरांनी वसमतच्या तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

वसमतच्या मोंढ्यात हळद विकताना आपण काट्यावरून नजर हटवत नाही. जमीन वर्षानुवर्षांसाठी देताना कागद आपल्या माणसाकडून वाचून घ्यायला एक दिवस लागतो. तो दिवस कंपनीकडे मागून घ्या.