येलोस्टोनची ढाल

वणव्यानंतरच्या श्रमदानावर हल्ली एक आक्षेप मोठ्या ऐटीत घेतला जातो. आक्षेपकाचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याचा सूर सभासंमेलनांतून सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. तो म्हणतो, जंगल जळते आणि जंगलच उगवते, माणसाने मध्ये लुडबुड करू नये. एकसारखे टी-शर्ट घालून राखेत फोटो काढणे म्हणजे सेवा नव्हे, सहल. उतार सावरणे हे सरकारचे काम, लोक कर कशासाठी भरतात? शिवाय पेरलेल्या बियांनी काही साधत नाही, हे शास्त्रज्ञांनीच दाखवले आहे. आणि सगळ्यावर कळस म्हणून अमेरिकेतले येलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. १९८८ साली त्या उद्यानात सुमारे आठ लाख एकरांवर आग फिरली, कोणी एक रोप लावले नाही, आणि आज बघा!

बघायला हरकत नाही. फक्त झाड कोणते, तेही बघावे. येलोस्टोनच्या जंगलात मुख्यतः लॉजपोल पाइन आहे. त्याची बरीचशी बोंडे राळेने सीलबंद असतात आणि आगीच्या धगीने उघडतात. तिथे कोणी पेरले नाही, कारण पेरणी आगीनेच उरकली होती. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या नैर्ऋत्येला २००२ साली जे हेमन वणव्यात जळाले, त्यात बहुतांश पोंडेरोसा पाइन. त्याला ही सोय नाही. त्याचे बी जड, आईच्या पायाशीच पडणारे. आणि आईच जळून गेली असेल तर पडायला बी कुठले? त्या पट्ट्यातल्या जळीत क्षेत्रांची पाहणी झाली, तेव्हा जिवंत झाडांपासून पन्नास मीटरांपलीकडे रोपे अगदी विरळ आढळली. एका झाडाची कुंडली दुसऱ्या झाडाला लावून भविष्य सांगणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते आक्षेपकाला ठाऊक असेलच.

पण झाडे हा या वादातला दुय्यम मुद्दा. खरा मुद्दा पाण्याचा, आणि त्यावर आक्षेपक चकार शब्द काढत नाही.

पाइनच्या जंगलात जमिनीवर सुयांचा जाड थर साचलेला असतो. तो जळतो तेव्हा त्यातले मेणचट पदार्थ वाफ होऊन खाली उतरतात आणि थंड मातीच्या कणांवर गोठतात. वरून राख, खाली पाणी न शोषणारा थर, आणि मधली माती मोकळी. कोलोरॅडोच्या या भागात तर खडकच कुजका ग्रॅनाइट. माती कसली, मुरूमच. तिथे वणवे जूनच्या आसपास पेटतात आणि गडगडाटी पाऊस जुलै-ऑगस्टात येतो. जमिनीला सावरायला मिळतात जेमतेम काही आठवडे.

१९९६ च्या मे महिन्यात याच भागात बफेलो क्रीकचा वणवा लागला. सुमारे १२ हजार एकर जळाले. येलोस्टोनशी तुलना केली तर किरकोळच. १२ जुलैच्या रात्री त्या उतारांवर ढग कोसळला. पुरात दोन माणसे गेली. खालच्या स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्ज धरणात, जिथून डेन्व्हरचे बहुतेक पाणी येते, आधीच्या तेरा वर्षांत मिळून साचला नव्हता इतका गाळ येऊन बसला. पाण्याबरोबर जळके ओंडके आणि राखही आली. सहा वर्षांनी त्याच खोऱ्यात हेमन पेटला, सुमारे १ लाख ३८ हजार एकर. या दोन वणव्यांपायी शहराच्या पाणीपुरवठा यंत्रणेला २ कोटी ७० लाख डॉलरांहून अधिक खर्च करावा लागला. न शोषणारा थर वर्षा-दोन वर्षांत विरतो, हे खरे. म्हणजे निसर्ग सावरतो, हेही खरे. पण माती दोन पावसाळे थांबत नाही. ती खाली जाते आणि नळातून दिसते.

इथे एक जुने भांडण आठवते. सह्याद्रीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते की डोंगर पेटवला की पुढच्या वर्षी गवत जोमाने येते. त्याला आधार म्हणून कोकणातला राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची रीत, पुढे केला जातो. राब भाजायचा तो आपल्या खाचरात, सगळे घर उभे राहून. वणवा लावायचा तो दुसऱ्याच्या डोंगराला, आणि आपण वाडीवर परतायचे. गवताची आग झरझर निघून जाते, मुळे वाचतात, पावसात डोंगर हिरवा होतो. हा हिरवा डोंगर डोळ्यांत ठेवूनच आक्षेपक बोलतो, असा प्रस्तुत लेखकाचा संशय आहे. गवताचा अनुभव पाइनच्या जंगलाला लावणे ही या वादातली सर्वांत जुनी चूक, आणि ती विद्वानांनी करावी याचे नवल वाटते.

फोटोंबद्दल बोलायचे तर फोटो परिसंवादातही काढतात. सरकारने काम करावेच. हेलिकॉप्टरने पेंढा टाकायला पैसा तेच देऊ शकते. बियांचा मुद्दा मात्र बरोबर आहे. हेमनच्या उतारांवर जमीन खरवडून बी टाकल्याने धूप कमी झाली नाही. पण त्याच उतारांवरच्या मोजणीत पेंढ्याच्या आच्छादनाने ती स्पष्टपणे कमी झाली. अर्धे पान वाचून उरलेले फाडून टाकायची ही रीत जुनीच आहे.

मग स्वयंसेवकांनी करायचे काय? फार थोर काही नाही. तणाच्या बियांपासून मुक्त असल्याची खात्री केलेला पेंढा घरामागच्या, रस्त्यावरच्या, ओढ्यावरच्या उतारांवर हाताने पसरायचा. वाळूची पोती भरायची. जळके ओंडके समपातळीवर आडवे बसवायचे. हलक्या सरींना ते पुरतात, मोठ्या ढगफुटीला नाही. ओढ्याच्या काठी विलोच्या काड्या रोवायच्या. एक लाख एकर कोणी हाताने झाकणार नाही, तसा दावाही नाही. कुठला उतार आधी, हे जाणकाराने सांगायचे आणि चार माणसांनी गासड्या उचलायच्या.

स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्जमधला गाळ उपसण्याचे काम २०११ साली चालू होते. बफेलो क्रीकचा वणवा विझून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.