पाणी पिऊन निघा!

बाहेर जायचे ठरले की आपण बायका सर्वांत आधी काय करतो? पर्स, किल्ल्या, गॅस बंद केला का, हे सगळे नंतर. आधी पाणी पिणे बंद करतो! लग्नाला जायचे असो की बँकेत, निघण्याआधी तास-दोन तास घोटभर पाणी नाही. कारण सगळ्यांनाच ठाऊक आहे, फक्त कोणी बोलत नाही. वाटेत ‘जावे’ लागले तर जायचे कुठे?

माझ्या सासूबाईंनी यावर रामबाण उपाय काढला होता. बाहेर जाणेच बंद! त्यांचे माहेर कसब्यात. कोथरूडच्या आमच्या घरापासून असे कितीसे लांब? पण चार वर्षांत त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. गुडघे दुखतात, बसची पायरी उंच, हे तर होतेच. पण एकदा बसची वाट बघता बघता त्यांना जवळच्या एका अनोळखी घराचे दार वाजवावे लागले होते. त्या घरातल्या बाईंनी काही न विचारता आत घेतले बिचाऱ्यांनी. तरी सासूबाईंच्या मनाला ते लागले. “भीक मागितल्यासारखं वाटलं गं,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि तेही पुढे दोन वर्षांनी.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी मूत्रमार्गाचा संसर्ग आहे म्हणून सांगितले आणि विचारले, “आजी, दिवसाला पाणी किती पिता?” सासूबाई गप्प. मीही गप्प, कारण मी तरी काय वेगळे करते? सकाळी सातला शाळेत जायला निघाले की साडेबाराला घरी परत येईपर्यंत माझी बाटली भरलेली ती भरलेलीच.

तेवढ्यात त्यांच्या थोरल्या भावाच्या पंचाहत्तरीचे बोलावणे आले. मी म्हटले, “आई, मेट्रोने जाऊ या.”

“मला नको बाई ते सरकते जिने! तुम्ही दोघं या जाऊन.”

6 मार्च 2022 ला आमची मेट्रो वनाज ते गरवारे कॉलेज एवढीच सुरू झाली, तेव्हा आम्ही मुलांना घेऊन हौसेने एकदा बसून आलो होतो. झालं! पुढे 1 ऑगस्ट 2023 ला ती जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत आणि त्याही पुढे गेली, आणि सप्टेंबर 2024 च्या अखेरीस तिथून जमिनीखालून स्वारगेटपर्यंतचा मार्ग सुरू झाला. त्या मार्गावर न्यायालयानंतरचे पहिलेच स्थानक कसबा पेठ. सासूबाईंच्या माहेरच्या दारातच म्हणा ना.

तरी त्यांना एकदम घेऊन जायचा धीर होईना. म्हणून एका मंगळवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच जाऊन पाहून आले. लिफ्ट कुठे, बसायला बाक कुठे आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह कुठे, ते बघितले. वहीत लिहूनसुद्धा आणले. हे हसले, हसू देत!

समारंभाच्या दिवशी सासूबाईंना मुद्दाम पेलाभर पाणी देऊनच निघाले. आयडियल कॉलनीच्या स्थानकात बॅगा तपासणाऱ्या मुलीला त्यांनी आल्या आल्या हळूच विचारले, “बाई, इथे सोय कुठे आहे?” तिने आवाज न चढवता बोट दाखवले. आत जाऊन आल्या. स्वच्छ होते, नळाला पाणी होते, दाराला कडी होती. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गाडीत तर अजून बसायचेच होते, पण माझ्या मते त्यांचा प्रवास तिथेच निम्मा झाला.

जिल्हा न्यायालय स्थानकाची मात्र मलाच धास्ती होती. कोथरूडची गाडी तिथे वर पुलावर थांबते आणि स्वारगेटची सुमारे 33 मीटर खाली. दहा मजली इमारत जमिनीत पुरावी, तसे ते खोल! पण लिफ्ट आहेत, बाणांच्या पाट्या आहेत, आणि तिकीट थेट कसब्याचे काढले की मध्ये पुन्हा काढावे लागत नाही. छताची रचनाही अशी, की दिवसाउजेड बराच खाली उतरतो. सासूबाई म्हणाल्या, “तळघरासारखं कोंदट नाही गं वाटत.” पुढे बोगदा मुठेच्या पात्राखालून जातो, हे मी त्यांना कसब्याला उतरल्यावरच सांगितले!

लिफ्टपाशी एक गोष्ट खटकली. धडधाकट मुले-मुली आत शिरतात आणि काठी टेकणारी आजी बाहेर उभी राहते. मी मास्तरीणबाईच्या आवाजात दोघांना बाहेर बोलावले. आले निमूटपणे, उगाच कशाला खोटे बोलू!

तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन निघणार असाल तर थोडे सांगते. पहिल्या खेपेला दुपारची वेळ धरा, गर्दी कमी असते. स्वच्छतागृह तिकिटाच्या फाटकाच्या आत आहे की बाहेर, हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्या. सरकत्या जिन्यावर निऱ्या हाताने उचलून धरा, आणि मुलांना पायरीवर बसू देऊ नका. मऊ रबरी चपलांची टोके पायरीच्या फटीत अडकतात. गुडघे दुखत असतील तर जिन्याचा हट्ट नकोच, लिफ्ट त्यासाठीच आहे. आणि उतरल्यावर पुढे किती चालायचे त्याचा अंदाज घरूनच घेऊन ठेवा. आम्हाला एवढ्याशा अंतरासाठी एकही रिक्षावाला तयार होईना. शेवटी कसब्याच्या बोळातून सासूबाई माझ्या दंडाला धरून चालत गेल्या, वाटेत दोनदा ओट्यावर टेकल्या.

माहेरी पोचल्यावर वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. एरवी त्या “नको, आत्ताच प्यायले” म्हणतात. या वेळी पेला भरून घेतला आणि परत मागितला.

आता पुढच्या महिन्यात मंडईत आवळे घ्यायला जायचे आहे म्हणे, आणि तेही माझ्याशिवाय, शेजारच्या काकूंना घेऊन! माझ्या वहीतले ते पान त्यांनी फाडून आपल्या पाकिटात ठेवले आहे.

माझ्यापुरते म्हणाल तर आमच्या शाळेतल्या शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला गेले वर्षभर कडी नाही. या सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर घातले. “बघू” म्हणाल्यात. काय होते ते पुढच्या वेळी कळवीनच.