वाइनचं पिंप, पण किती महिने?

पुण्यातल्या दुकानात स्कॉच निवडताना लेबलावरची ‘पोर्ट’, ‘शेरी’ ही वाइनची नावं भुरळ घालतात आणि अनेकदा किंमतही चढवतात. त्या नावाला पैसे मोजण्याआधी व्हिस्की वाइनच्या पिंपात किती काळ होती, हे विचारावं. ब्रिटनच्या 2009च्या नियमांनुसार स्कॉच ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरावी लागते. शेवटच्या टप्प्यात वाइनच्या पिंपात ती किती ठेवायची, याला मात्र किमान मर्यादा नाही. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपात दहा वर्षं आणि वाइनच्या पिंपात जेमतेम सहा महिने काढले, तरी लेबलावर मिरवते ती वाइनच. तांबूस रंग हाही पुरावा नव्हे, कारण कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याची मुभा आहे.

जिभेला रुचलं की झालं, महिने कशाला मोजायचे, हा आक्षेप रास्त आहे. पिंप जोमदार असेल तर थोडा काळही पुरतो. फार मुरली तर बार्लीची चवच दबते. पण दुकानात बाटली फोडून चाखता येत नाही, हाताशी असतं ते लेबलच. म्हणून काळ स्पष्ट छापणाऱ्या कंपनीला झुकतं माप द्यावं. जुलै 2025मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात स्कॉचवरचं 150 टक्के आयात शुल्क आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. तेव्हा वाइनचं नाव मिरवणाऱ्या बाटल्यांची गर्दी वाढणारच.