संघ नेमका कुणाचा?

आमच्या शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडून प्रो कबड्डीत उतरला. पहिल्याच हंगामात त्याच्या चढाया अशा गाजल्या की पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. झालं, आमचा सगळा पट्टा रातोरात हैदराबादच्या संघाचा पाठीराखा झाला. पुढं तो हरियाणाकडे गेला, मग दिल्लीकडे. नवा हंगाम आला की आमच्या नेसरीत चहाच्या टपरीवर अजूनही कुणीतरी विचारतं, "अण्णा, यंदा आपण कुणीकडनं?"

प्रश्न गमतीचा, पण खोटा नाही. महाराष्ट्राचे दोन संघ या लीगमध्ये आहेत, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. २०२५ चा हंगाम मात्र विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली एवढ्याच चार शहरांत झाला. पुणे अंतिम फेरीत पोचलं आणि हरलं, तेही दिल्लीत, दिल्लीच्याच संघाकडून. नावात पुणे असलेल्या संघाचा त्या हंगामातला एकही सामना पुण्यात झाला नाही. मग तो संघ पुण्याचा, तो कोणत्या अर्थानं?

लीगवर माझा राग नाही. पूर्वी चांगल्या कबड्डीपटूची धाव रेल्वे, पोलीस किंवा बँकेतल्या नोकरीपर्यंत. आज पंचविशीतल्या पोराच्या हातात घर बांधण्याएवढा पैसा येतो, हे उत्तमच. माझं म्हणणं इतकंच की ज्या मंडळाच्या मातीवर तो पहिल्यांदा 'कबड्डी कबड्डी' म्हणत पलीकडे गेला, त्या मंडळाचं या व्यवहारात नावसुद्धा येत नाही. फुटबॉलमध्ये फिफाचा नियम आहे. खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, की त्या रकमेतले ५ टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. हाच हिशेब १ कोटी ४५ लाखांना लावला तर सव्वासात लाख होतात. खेड्यातल्या मंडळाला त्यात दिवे येतील, पोरांच्या गुडघ्यांवर वेळेत उपचार होतील, आणि गणपतीच्या वर्गणीतून जर्सी शिवायची वेळ येणार नाही.

फुटबॉलचा विषय निघालाच आहे, तर कोल्हापूरकडे वळायला हवं. तिथं पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब असे संघ पेठांच्या जिवावर चालतात. सामना असला की शाहू स्टेडियम भरतं आणि पेठा ओस पडतात. ही ईर्षा कधी कधी हाणामारीवर जाते, स्पर्धा थांबवावी लागते, समाजमाध्यमांवर तर विचारायलाच नको. तरी संघ टिकून आहेत. उलट पुण्यात काय झालं? पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये बंद पडले. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला, त्याची जागा हैदराबादनं घेतली आणि तो संघही २०२५ मध्ये दिल्लीला गेला. भरपूर पैसा, परदेशी प्रशिक्षक, बालेवाडीचं मैदान, सगळं होतं. मालकाचं मन उडालं, की थांबवायला मात्र कुणी नव्हतं.

पेठेचा संघ टिकतो म्हणून सगळं तिथंच थांबवावं, असंही नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्यासाठी त्याला लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. पेठ जीव लावते. रोजचा आहार, फिजिओ, वर्षभराचा पगार हे तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. वर एक मजला हवाच. तो कुणी बांधायचा आणि कशावर, एवढाच वाद.

हाच वाद वेल्समध्ये वीस वर्षं चालू आहे. रग्बीवर जीव ओवाळून टाकणारा तो चिमुकला देश. २००३ मध्ये तिथल्या संघटनेनं ठरवलं, गावोगावच्या जुन्या क्लबांना पैसा पुरत नाही, तेव्हा त्यांच्यावर पाच प्रादेशिक संघ उभे करू. पाँटिप्रिड आणि ब्रिजेंड ही दोन जुनी वैरी गावं एका संघात बसवली आणि त्याला सेल्टिक वॉरियर्स असं झकपक नाव दिलं. एका हंगामात तो संघ गुंडाळला. म्हणजे पाटाकडील आणि शिवाजी एकत्र करून 'कोल्हापूर टायगर्स' काढायचा आणि दोन्ही पेठांनी त्याच्यासाठी ओरडावं अशी अपेक्षा धरायची! उरलेल्या चार संघांनाही पैसा पुरेना, तेव्हा २०२५ मध्ये संघटनेनं ते तीनवर आणायचं जाहीर केलं.

शेजारच्या आयर्लंडनंही चारच संघ ठेवले, पण ते जुन्या प्रांतांचे. त्या प्रांतांचे आपसातले सामने शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आले होते. त्यातल्या लेन्स्टरनं युरोपचा करंडक चारदा जिंकला. वेल्सनं नकाशावर नव्या रेघा मारल्या. आयर्लंडनं लोकांच्या मनातली जुनी रेघ तशीच ठेवली आणि पैसा तिथं ओतला.

आपल्याकडे अशी रेघ कोणती? माझं उत्तर, जिल्हा. कबड्डीची राज्य अजिंक्यपद स्पर्धा कित्येक वर्षं जिल्ह्यांच्या संघांतच होते. कुस्तीच्या मैदानात निवेदक आधी मल्लाचा जिल्हा पुकारतो. नेसरीचा माणूस शिवाजी पेठेचा कधीच होणार नाही, पण 'कोल्हापूर' म्हटलं की त्याचाही आवाज चढतो. तेव्हा पेठांच्या तालमी, गावांची मंडळं आहेत तशीच राहू द्यावीत, त्यांच्या नावाला हात लावू नये, आणि वर पगारी संघ जिल्ह्याचा असावा. त्यानं निम्मे सामने घरच्या मैदानावर खेळावेत. त्यातला एखादा गडहिंग्लजलाही व्हावा, तिथंही फुटबॉलचं वेड जुनं आहे. आणि खेळाडू बाहेर गेला, तर मंडळाचा वाटा मंडळाला मिळावा.

पैसा कोण देणार, हे मला लगेच विचारलं जाईल. या जिल्ह्यात साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन दिलं, वारणेसारखी कुस्ती मैदानं भरवली. तेव्हा उद्योगपतीच्या दारात जाण्याआधी सहकाराकडे बघावं. संघाची नोंदणी सहकारी संस्था म्हणून करावी, भाग हजार रुपयांचा ठेवावा, आणि ज्याच्याकडे शंभर भाग त्यालाही मत एकच.

यावर आमचे एक मित्र हसले. म्हणाले, "मर्दा, मग संघातबी पॅनेल पडणार. यांचा गोलकीपर, त्यांचा स्ट्रायकर." पडतील. वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर'चा गलका होईल, माईक ओढला जाईल, मागच्या रांगेतून चपला दिसतील. आमच्याकडच्या दूध संघाच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात नवीन काही नाही. पण संघ हैदराबादला हलवायचा ठराव त्या सभेपुढं आणून तर बघा.