आधी गोळीचा भाव विचारा

नवी बाईक घ्यायची म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ शोरूममधले पैसे एकदाच द्यायचे असतात, पेट्रोल मात्र रोज भरायचं असतं. हे आपल्या आईबाबांना कुणी शिकवावं लागत नाही. पण विषय रिव्हॉल्व्हरचा निघाला की तुम्हीआम्ही सगळेच हा प्रश्न विसरतो. गेममध्ये, रीलवर, सिनेमात एकच हिशेब चालतो : बोअर जितका मोठा तितकं भारी.

या वेडाचं मोठं श्रेय १९७१च्या ‘डर्टी हॅरी’ला जातं. क्लिंट ईस्टवूडच्या हातातलं ते .४४ मॅग्नम पडद्यावर असं काही शोभलं की स्मिथ अँड वेसनच्या त्या मॉडेलवर अमेरिकेत गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या. गंमत म्हणजे .४४च्या गोळीचा खरा व्यास ०.४२९ इंच आहे. नावातसुद्धा थोडी हवा भरलेली! आणि हॅरीला काडतुसांचं बिल भरताना तुम्ही कधी पाहिलंय का?

माझं मत सरळ आहे. मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर निवडायचं असेल तर दुकानात आधी काडतुसाच्या खोक्याची किंमत विचारावी, रिव्हॉल्व्हरची नंतर. अमेरिकेत रेंजवर जाणारा हौशी माणूस आठवड्यातून दोनदा गेला आणि दर वेळी पन्नास गोळ्यांचं एक खोकं संपवलं, तर वर्षाला ५,२०० गोळ्या होतात. एका गोळीमागे दहा रुपयांचा फरक पडला तरी वर्षाचे ५२,००० रुपये. ‘सेल’मध्ये रिव्हॉल्व्हरवर मिळालेली सूट यात कुठल्या कुठे वाहून जाते.

आता रिव्हॉल्व्हरचा एक गुण बघा. पिस्तुलाला पुढची गोळी वर आणायला आधीच्या गोळीचा धक्का लागतो. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर आपल्या बोटाच्या किंवा अंगठ्याच्या जोरावर फिरतो. म्हणून त्यात जोरकस काडतूस चालतं, तसं सौम्यही चालतं. .३५७ मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये आखूड आणि स्वस्त .३८ स्पेशल बसतं. (उलटं करायला मात्र जाऊ नये.) त्याच न्यायाने .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल चालतं. म्हणजे सुटलो, असं वाटतं ना? इथेच लोक फसतात. .४४ स्पेशलमध्ये दारू कमी असली तरी खपही कमी, त्यामुळे बरेचदा ते मॅग्नमइतकंच, कधी त्याहून महाग पडतं. काडतुसाची किंमत त्याच्या ताकदीवर कमी आणि कारखान्यातून किती निघतं यावर जास्त ठरते.

म्हणूनच मोठ्या बोअरमध्ये माझं मत .४५ एसीपीला. हे मुळात पिस्तुलाचं काडतूस. १९११पासून १९८५पर्यंत अमेरिकन लष्कराचं मुख्य पिस्तूल यावरच चालायचं, त्यामुळे ते आजही ढिगाने बनतं. पहिल्या महायुद्धात पिस्तुलं कमी पडली, तेव्हा कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी याच काडतुसाची रिव्हॉल्व्हरं बनवली, १९१७ची मॉडेल्स. या काडतुसाला मागे बाहेर आलेली कड नसते. म्हणून ते धरायला पत्र्याची अर्धचंद्रासारखी क्लिप लागायची, एका क्लिपमध्ये तीन. आता पूर्ण गोल क्लिप मिळते, सहाच्या सहा एका दमात भरता येतात. क्लिप हरवते, वाकते, कटकट आहेच. पण धक्का .४४ मॅग्नमपेक्षा कितीतरी कमी. हा मुद्दा मला पैशाइतकाच मोठा वाटतो. महिन्यातून सहा गोळ्या झाडणारा .४४वाला नेम धरायला शिकत नाही, चाप ओढायच्या आधीच दचकायला शिकतो.

दुसरा रस्ता घरी काडतुसं भरण्याचा. काडतुसात महाग असते ती पितळी पुंगळी, आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते. पिस्तूल पुंगळ्या चार दिशांना उडवतं, रिव्हॉल्व्हर मात्र त्या गुपचूप तुमच्या तळहातावर ओततं. .४४ किंवा .४५ कोल्टच्या शौकिनांना अमेरिकेत हेच परवडतं. आधी यंत्राचा खर्च आहे, संध्याकाळी जातात, आणि एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर रिव्हॉल्व्हर हातातच फुटू शकतं. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून करायचं हे काम नव्हे.

एमएस करायला निघालेल्यांनी एक लक्षात ठेवा. विद्यार्थी व्हिसावर असताना अमेरिकन कायद्याने बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. शिकारीच्या वैध परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत. सिनियरची रेंजवरची रील बघून हरखून जाऊ नका.

आणि आपल्याकडे? शस्त्र कायदा १९५९चा, २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर जास्तीत जास्त दोन शस्त्रं. परवान्यावर दिसतं ते बहुधा .३२चं रिव्हॉल्व्हर. त्याच्या काडतुसाच्या बुडावर अनेकदा ‘केएफ’ अशी अक्षरं असतात, म्हणजे आपल्या पुण्याच्या खडकीतला १८६९चा कारखाना. घरी काडतूस भरणं परवान्याशिवाय गुन्हा, आणि गोळ्या किती घ्यायच्या यालाही मर्यादा. २०१४मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर आलं. महिलांच्या सुरक्षेसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. सराव कुठे करायचा, किती गोळ्यांनी करायचा, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. सरावाशिवाय पर्समध्ये पडलेलं रिव्हॉल्व्हर ही सुरक्षा आहे, हे मला पटत नाही.

खेळात उतरलात तर चित्र आणखी स्पष्ट होतं. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचाच बोअर चालतो, म्हणजे .४४ दारातच अडतं. त्यातही कसलेले नेमबाज मुद्दाम .३२ निवडतात, कारण धक्का कमी. २००६च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणानं याच प्रकारात ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या एशियाडचं सोनं आणलं ते तर .२२वर.

पण .२२सुद्धा फुकट नाही. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४मध्ये पॅरिसला ब्राँझ जिंकलं, तेव्हा गोळ्यांसाठी त्याच्या शिक्षक वडिलांनी काढलेल्या कर्जाच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या, शेअर केल्या, डोळे पुसले. तरी कॉलेजात शूटिंग सुरू करायचं ठरलं की फोटो निघतो तो नव्या कोऱ्या शस्त्राचा. वर्षभराच्या गोळ्यांसाठी किती रक्कम बाजूला ठेवली, हे कुणी विचारत नाही. तुमच्या जिमखान्यात अशी घोषणा झालीच, तर हात वर करून तेवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत एअर पिस्तूल आणि छर्रे घेऊन दहा मीटरवर उभं राहायला काहीच हरकत नाही.