खाडीकाठी घर बांधताना

रत्नागिरीकडची एक मैत्रीण विचारते, “खाडीकाठी घर बांधतोय. यजमानांना पश्चिमेला, पाण्याकडे, अख्खी काचेची भिंत हवीय. काय करू?”

ताई, काच नकोच! दुपारचं उतरतं ऊन काचेतून थेट आत येतं. मग दिवसभर पंखे नि एसी, आणि विजेचं बिल तुमच्या घरखर्चातून! शिवाय पावसाळ्यात झड त्याच बाजूने आपटणार. त्यापेक्षा तिथे रुंद पडवी काढा, छप्पर चांगलं खाली उतरवा. ऊन बाहेरच अडतं, खाडीही दिसते. स्वयंपाकघर पूर्वेला घ्या, म्हणजे दुपारी तापणार नाही. खिडक्या समोरासमोर ठेवा. खाडीवरचा वारा घरभर खेळेल.

भिंती जांभ्याच्या, वर कौलं. जोतं उधाणाच्या पाण्याहून उंच हवं. सिमेंट कालवायला गोडंच पाणी वापरा. खाऱ्या पाण्याने आतल्या सळ्या गंजतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं! किनाऱ्यालगतच्या बांधकामावर १९९१ पासून सरकारी बंधने आहेत, ती खाडीलाही लागू आहेत. भरतीरेषेपासूनचं अंतर तपासून घ्या. परवानगीचा कागद हातात पडल्यावरच पाटल्या मोडा, आधी नाही!