मावळच्या गवताचे पंचांग हवे

भाद्रपद सरत आला आणि पावसाचा जोर ओसरला की मावळातल्या शाळांत शिंकांची साथ सुरू होते. एकाचे नाक वाहते, दुसऱ्याचे डोळे चुरचुरतात, एखाद्याला रात्री धाप लागते आणि दुसऱ्या दिवशी त्याची जागा रिकामी असते. घरी विचारावे तर उत्तर ठरलेले: "लोणावळ्याची दमट हवा, दुसरे काय!" चार बुके वाचलेले शेजारी गाजरगवताकडे बोट दाखवतात. हवा आणि गाजरगवत या दोघांवर आरोप ठेवून आपण मोकळे होतो. माझे म्हणणे असे की, या खटल्यातला एक मोठा संशयित कधी पिंजऱ्यात उभाच केला गेलेला नाही. तो संशयित म्हणजे साधे गवत. आपली हरळी, कुसळी, मारवेल, बरू. फार काय, शेतातली ज्वारी आणि मकासुद्धा.

गाजरगवत हे नावापुरते गवत आहे. ते सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातले झुडूप. परदेशातून आलेल्या या वनस्पतीची भारतातली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली. तिच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते, परागाने नाकही वाहते. ती काही निरपराध नाही. पण तिच्या नावातल्या 'गवत' या शब्दामुळे खऱ्या गवतांकडे आपले दुर्लक्ष होते, ही माझी तक्रार आहे.

खरे गवत फुलते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच्या फुलाला ना रंग, ना वास, कारण त्याला फुलपाखराला बोलवायचेच नसते. त्याचा सगळा कारभार वाऱ्यावर. वाऱ्यावर सोडलेला पराग जोडीदार फुलावर पडेलच याची खात्री नाही, म्हणून गवत तो अतोनात प्रमाणात तयार करते. एकेक कण मिलिमीटरच्या तीस-चाळीस हजारांश भागाएवढा. त्यातला थोडासा फुलापर्यंत पोचतो, उरलेला जमिनीवर, पाण्यावर आणि आपल्या नाकात.

नाकात गेल्यावर काय होते? ओल्या अस्तरावर पडताच त्या कणातली प्रथिने काही मिनिटांत बाहेर झिरपतात. बहुतेकांचे शरीर त्यांच्याकडे लक्षही देत नाही. काहींचे शरीर मात्र त्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध 'इम्युनोग्लोब्युलिन-ई' नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या खेपेला तेच प्रथिन आले की मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात, आणि मग शिंका, पाणी, खाज. यालाच आपण वावडे किंवा ॲलर्जी म्हणतो. विश्वकोशात 'अधिहर्षता' असा भारदस्त शब्द आहे. ॲलर्जी हा शब्द १९०६ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी घडवला. त्या प्रतिपिंडाचा शोध लागायला मात्र १९६६-६७ साल उजाडले.

आता त्या प्रथिनाची ओळख करून घेऊ. हरळीचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. तिच्या परागातल्या मुख्य प्रथिनाला 'सिन डी १' म्हणतात. नावाची रीत सोपी आहे: प्रजातीची पहिली तीन अक्षरे, जातीचे पहिले अक्षर आणि पुढे क्रमांक. याच रीतीने मक्याचे 'झी एम १' आणि बरूचे 'सॉर एच १'. ही सारी भावंडे आहेत. त्यांचे काम काय, हे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डॅनियल कॉसग्रोव्ह यांनी मक्याच्या परागावर दाखवून दिले. परागातून निघालेल्या नळीला स्त्रीकेसरातून आत वाट काढायची असते. हे प्रथिन तेथल्या पेशीभित्तिका सैल करून तिला वाट देते. म्हणजे त्याच्याविना दाणा भरणे अवघड. आपल्या नाकाशी त्याचे काहीच वैर नाही. पत्ता चुकलेले टपाल आहे ते!

येथवर कोणत्याही पुस्तकात सापडेल. माझा मुद्दा यापुढचा आहे.

परागज्वराचा अभ्यास थंड देशांत सुरू झाला. मँचेस्टरचे चार्लस ब्लॅकली यांना स्वतःलाच हा विकार होता. त्यांनी गवताचा पराग स्वतःच्या नाकात घालून, कातडीवर चोळून पाहिला, चिकट काचा पतंगाला बांधून उंच हवेत पाठवल्या आणि १८७३ मध्ये सारे ग्रंथरूपाने मांडले. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी टिमोथी गवताच्या परागाचा अर्क टोचून उपचार सुरू केला. टिमोथी आणि राय ही थंड हवेची गवते. ती गव्हाच्या घराण्यातली. आपली उष्ण हवेची गवते निराळ्या घराण्यांतली: हरळी नाचणीच्या घराण्यात बसते, तर ज्वारी, मका, ऊस, कुसळी आणि मारवेल दुसऱ्या एका घराण्यात. (हरळीचा तुरा आणि नाचणीचे कणीस शेजारी ठेवून पाहा. दोघांचीही बोटे पसरलेली दिसतील.)

घराणे वेगळे, म्हणून प्रथिनेही वेगळी. टिमोथी आणि राय यांच्या परागात 'गट ५' चे एक जहाल प्रथिन असते. हरळी-ज्वारीच्या परागात ते आढळत नाही. गट १ चे प्रथिन सर्वांत असले तरी ते हुबेहूब सारखे नाही. टिमोथीच्या प्रथिनाला ओळखणारे प्रतिपिंड हरळीच्या प्रथिनाला अर्धवटच ओळखते. ऑस्ट्रेलियातल्या उष्ण क्वीन्सलँडमध्ये जॅनेट डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक बारकाईने तपासला आणि उष्ण प्रदेशातल्या रुग्णांसाठी तिथल्याच गवतांचे अर्क हवेत, असा आग्रह धरला. तोच आग्रह मी मावळासाठी धरतो. आपल्याकडच्या त्वचाचाचण्यांत हरळी, ज्वारी, मका असतात, ही चांगली गोष्ट. पण नुसते नाव असून भागत नाही. कुपीतल्या अर्कात मुख्य प्रथिन किती आहे, हे दर खेपेला मोजलेले असले पाहिजे. आणि डोंगरउतारावर हरळीपेक्षा कुसळीचेच राज्य असेल, तर कुसळीचा पराग तपासायला नको का?

कोणी म्हणेल, शिंकांसाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांनी मेलबर्नची हकीकत ऐकावी. २१ नोव्हेंबर २०१६ ला तेथे राय गवताच्या बहरात वादळी पाऊस आला. परागकण दमट हवेत फुटले आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसांत गेले. अखंड परागकण मोठा असल्याने नाकातच अडतो, हे तुकडे अडले नाहीत. हजारो माणसांना दम्याचा झटका आला आणि दहा जण दगावले. मावळात तसे घडेल असे मी म्हणत नाही. गवतही ते नव्हे. पण आपला परतीचा पाऊसही गडगडाट करीत येतो, आणि नेमका गवत फुलण्याच्या दिवसांत येतो. अशा वेळी हवेत काय आहे हे ठाऊक असणे बरे.

त्यासाठी पंचांग हवे. कोणत्या पंधरवड्यात कोणते गवत फुलते आणि हवेत किती पराग असतो, याचे. चंडीगडसाठी असे पंचांग २०२१ मध्ये तयार झाले. महाराष्ट्रात ही विद्या नवी नाही. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतले कण टिपण्याचे यंत्रच बनवले होते. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तळेगावकडे उतरावे तसा तो झपाट्याने कमी होत जातो. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक असताना पुण्याचे एकच पंचांग सगळ्यांना कसे पुरेल?

हे काम लोणावळा, कामशेत, वडगाव आणि तळेगावच्या शाळांनी करावे. काचपट्टीला व्हॅसलिनचा पातळ थर द्या, ती गच्चीवर छपराखाली चोवीस तास ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. गवताचा पराग गोल, गुळगुळीत, एकच छिद्र असलेला आणि त्याभोवती कडे असलेला दिसेल. मोजा आणि लिहा. एक अडचण आधीच सांगतो: शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली सर्व गवतांचे पराग जवळजवळ सारखेच दिसतात. काच सांगेल 'गवत'. कोणते गवत ते सांगणार नाही. म्हणून दुसरी वही हवी. शाळेच्या वाटेवरची पाच-सहा गवते निवडून दर रविवारी पाहायचे, तुरा आला का, परागकोश लोंबताहेत का, कुसळे धरली का. नावे गुराख्यांना विचारा. पुस्तकापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असतात.

श्रावणात काचेवर पराग फारसा मिळणार नाही, पावसाने धुऊन जातो. त्याऐवजी बुरशीची बीजुके सापडतील, आणि लोणावळ्याच्या ओल आलेल्या भिंती पाहता ती पुष्कळ सापडतील. त्यांचीही वेगळी नोंद ठेवा, कारण त्यांचेही वावडे असते आणि प्रत्येक शिंक गवताच्या माथी मारणे हा अन्यायच.

ज्यांना परागाचे वावडे आहे त्यांनी ज्वारीची भाकरी सोडायची का, असे पालक विचारतात. हे गट १ चे प्रथिन परागाचे. तेवढ्यासाठी भाकरी सोडायचे कारण नाही. हरळी उपटून काढावी का? अंगणातली उपटाल, डोंगरावरची कशी उपटणार? शिवाय तिच्या मुळांनीच बांधाची माती धरून ठेवलेली असते. गणपतीला वाहायच्या दूर्वा म्हणजे हरळीचे कोवळे, बिनतुऱ्याचे अंकुर. त्यांत परागच नसतो, तेव्हा एकवीस खुशाल वाहा.

मात्र दमा असलेल्या मुलांनी तुरे झटकून पराग गोळा करू नयेत. त्यांनी मोजणीची वही सांभाळावी आणि ज्या दिवशी आपल्याला त्रास झाला त्या तारखेपुढे लाल खूण करावी.